ऑफिसच्या मंडळींसोबत कळसूबाई, तीही एखाद्या संस्थेच्या निधीसाठी: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

गणपती झाले, पाऊस ओसरायला लागला, की पुण्यातल्या ऑफिसांत कुणाला तरी ट्रेकचं सुचतं. हल्ली त्याला एक जोडही असते: नुसतं फिरून यायचं नाही, एखाद्या संस्थेसाठी निधी जमवायचा. कल्पना छानच आहे, पण तिच्यात दोन वेगळी कामं एकमेकांत गुंतलेली असतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या वीस-पंचवीस माणसांना वर नेऊन धडधाकट खाली आणायचं, आणि लोकांनी विश्वासाने दिलेले पैसे जिथे जायचे तिथे पोचवायचे. पहिल्या कामाबद्दल व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेकड्याने मेसेज पडतात. दुसऱ्याबद्दल 'ते बघू रे नंतर'. म्हणून इथे पैशांचं आधी घेतो. डिसेंबरात जायचं असेल तर हे काम सप्टेंबरातच सुरू व्हायला हवं.

संस्था आणि खातं

संस्था निवडताना एकच कसोटी लावा: पैसे कशासाठी लागणार आहेत हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं का? 'मुलांच्या शिक्षणासाठी' हे उत्तर नाही. 'वसतिगृहात गरम पाण्याची सोय करायची आहे, इतका खर्च आहे' हे उत्तर आहे. मोठ्या, नावाजलेल्या संस्थेला तुमचे दीड लाख समुद्रात थेंब वाटतील, छोट्या संस्थेचं त्यात वर्षभर अडलेलं काम होईल. माझा कौल छोट्या संस्थेला आहे, फक्त तिची कागदपत्रं चोख हवीत. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकर खात्याची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखली जाणारी प्रमाणपत्रं आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब मागा. नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' पोर्टलवर संस्थेचं नाव आहे का तेही बघून घ्या. चांगल्या संस्थेला या मागणीचा राग येत नाही. शक्य असेल तर दोघा-तिघांनी प्रत्यक्ष जाऊन या. पुढे पैसे मागताना 'मी स्वतः बघून आलोय' हे वाक्य फार उपयोगी पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे कुणाच्याही वैयक्तिक गूगल पे किंवा फोन पेवर गोळा करायचे नाहीत. 'मी घेतो, मग एकदम ट्रान्सफर करतो' म्हणणारा सहकारी कितीही सज्जन असला तरी नाही. गणपतीत वर्गणी मागणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, हे पुणेकराला सांगायला नको. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणं हा आपल्या राज्यात कायद्याच्या नजरेखालचा व्यवहार आहे. देणगीदाराने थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे भरले की तुम्ही त्या भानगडीत पडतच नाही, आणि पावतीही त्याच्याच नावाने निघते.

संस्थेकडून क्यूआर कोड मागवा आणि कुणालाही पाठवण्याआधी त्यावर स्वतः एक रुपया पाठवून बघा. स्क्रीनवर खातेदाराचं नाव संस्थेचंच दिसतं का? रुपया पोचल्याचं संस्थेचा माणूस सांगतो का? दोन्ही उत्तरं 'हो' आली की मगच कोड पुढे पाठवा. देणगीदाराला शेऱ्याच्या जागी 'कळसूबाई' असं लिहायला सांगा, नाहीतर संस्थेच्या खात्यात आलेल्या रकमांपैकी तुमच्या कोणत्या हे हिशोबनीसाला कळणार नाही.

करसवलतीबद्दल प्रश्न येणारच, म्हणून उत्तरं तयार ठेवा. ८०जी मान्यता असलेल्या बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेत. रोख दिलेल्या २००० रुपयांवरच्या देणगीला ती मिळत नाही. आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्याला ही वजावट मिळतच नाही. तुमच्या ऑफिसातले बरेच जण याच गटात असतील, तेव्हा 'टॅक्स वाचेल' हे आमिष दाखवू नका. पावतीसाठी पॅन लागतो. पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. यात शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल करणारा एक जण प्रत्येक यादीत निघतो, म्हणून पॅन मेसेजमध्ये टाइप करून न घेता फॉर्ममध्ये भरून घ्या.

परदेशातल्या नातेवाइकांचं वेगळं आहे. पुण्यात घरटी एक भाचा न्यू जर्सीत असतो आणि तो डॉलरमध्ये भरघोस द्यायला तयार असतो. भाच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. अमेरिकन नागरिक झाला असेल तर ती परदेशी देणगी ठरते, मग तो पैसा त्याच्या भारतातल्या खात्यातून येवो की तिकडून. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. पाठवून झाल्यावर परत करत बसण्यापेक्षा आधीच विचारा: 'पासपोर्ट कुठला रे तुझा?'

खर्च कुणाचा

बस, नाश्ता, वाटाड्या, टी-शर्ट हे सगळं आपापल्या खिशातून. देणगीतून एक वडापावही नाही. 'आधी खर्च वजा करू, उरेल ते संस्थेला' असा हिशोब काही ठिकाणी चालतो; मला तो पटत नाही. काकूंनी दिलेल्या पाचशेतले तीनशे तुमच्या एसी बसला गेले हे त्यांना कळलं तर पुढच्या वेळी त्या दार उघडतील का? ट्रेकचा माणशी खर्च वेगळा काढा, तो वेगळ्या माणसाकडे जमा करा, आणि ही गोष्ट मागणीच्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. टी-शर्ट तर नकोच. तेवढेच पैसे संस्थेला द्या.

कंपनी कर्मचाऱ्यांच्या देणगीइतकीच भर घालते का हे एचआरला विचारा, बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अशी योजना असते. मात्र सीएसआरशी त्याची गल्लत करू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून दिलेले पैसे त्या दोन टक्क्यांत धरता येत नाहीत. कंपनीचं नाव आणि लोगो वापरण्याआधी लेखी होकार घ्या.

आणखी दोन पथ्यं. कुणी किती दिले याची यादी ऑफिसात लावायची नाही, ग्रुपवरही टाकायची नाही. साहेबांनी दहा हजार दिले हे कळलं की नव्याने लागलेल्या पोराला दोनशे द्यायची लाज वाटते आणि तो काहीच देत नाही. हाउसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटीचे काका यांच्यापुढे डबा फिरवायचा नाही. त्यांनी आपणहून दिलं तर आदराने घ्या, पावतीसकट.

मागायचं कसं

पुण्यात हा प्रश्न हमखास येतो: 'तुम्ही डोंगर चढणार, त्याचे पैसे मी का द्यायचे?' प्रश्न रास्त आहे, चिडू नका. खरं उत्तर असं की डोंगराचा आणि देणगीचा तसा काही संबंध नाही. डोंगर हे निमित्त. त्याने एक तारीख मिळते, मागायला विषय मिळतो, आणि मागणारा स्वतःही थोडी झीज सोसतोय हे दिसतं. एवढं मोकळेपणाने सांगितलं की समोरचा बहुधा हसतो आणि देतो.

ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला चार अंगठे येतात आणि विषय संपतो. एकेकाला वेगळा मेसेज पाठवा, नावानिशी. साधारण असा:

'नमस्कार सुधाकाकू, डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही ऑफिसातले काही जण कळसूबाई चढतोय. मी पहिल्यांदाच! त्या निमित्ताने एका वसतिगृहात गरम पाण्याची सोय करण्यासाठी निधी जमवतोय. मी स्वतः जाऊन बघून आले; मुली थंडीत पहाटे गार पाण्याने आंघोळ करतात. आमचा जाण्यायेण्याचा खर्च आम्हीच करतोय, तुमचे पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील आणि पावती तुमच्या नावाने येईल. पाचशे रुपये दिलेत तरी खूप झालं. नाही जमलं तरी राग नाही, संक्रांतीला येतेच आहे.'

यात रक्कम लिहिली आहे हे लक्षात घ्या. 'यथाशक्ती' लिहिलं की माणूस विचारात पडतो आणि मेसेज खाली सरकतो. पहिली देणगी स्वतःची टाका. एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको. आणि क्यूआर कोड ट्रेकनंतर दोन आठवडे तरी चालू ठेवा, कारण घामाघूम चेहऱ्यांचा शिखरावरचा फोटो बघून देणारेही बरेच असतात.

एक गोष्ट मात्र कधी कबूल करू नका: 'शिखर गाठलंस तर हजार, नाहीतर काही नाही.' गंमत म्हणून ठीक वाटतं, पण अशी पैज डोक्यात असलेला माणूस गुडघा दुखत असताना, ढग उतरलेले असताना, परतायची वेळ टळून गेलेली असतानाही पुढे जातो. देणगी चालण्याच्या निमित्ताने आहे, शिखराच्या अटीवर नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा.

डोंगर कोणता, कधी

शीर्षकात कळसूबाई आहे म्हणून तीच हवी असं नाही. देणगीदाराला नाव माहीत असलं की मागणं सोपं जातं, आणि १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर म्हटलं की वेगळं काही समजावावं लागत नाही. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट सुरू होते. मळलेली आहे, अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, वर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे. चढाई आठशे मीटरच्या वर. नवख्यांचा गट वर जायला साडेतीन-चार तास घेतो, उतरायला तीन.

लांबचा प्रवास नको असेल तर राजगड घ्या: गुंजवणे किंवा पाली गावातून. पालीची वाट सोपी, पायऱ्यांची. तोरणा याहून दमवणारा आहे. हरिहरच्या उभ्या पायऱ्या किंवा अलंग-मदन-कुलंग हे अवघड किल्ले पहिल्या ऑफिस ट्रेकसाठी सुचवणाऱ्याला चहा पाजा आणि विषय बदला. कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक पुण्यात सगळ्यांच्या तोंडी असतो, पण एकामागून एक टेकड्या चढत-उतरत रात्र काढणं हे नवख्या पंचवीस जणांचं काम नाही.

जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी कळसूबाईला शिड्यांखाली रांगा लागतात, कातळ शेवाळलेला असतो, वर धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन जीव घेतं. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात हा आपला काळ.

पुण्याहून नाशिक रस्त्याने आळेफाटा, संगमनेर, मग अकोले, राजूर करत बारी. पाच ते सहा तास, चाकणच्या ट्रॅफिकच्या कृपेवर अवलंबून. बहुतेक आयोजक शुक्रवारी रात्री अकराला बस काढतात, पहाटे पोचतात आणि तसेच चढायला लावतात. पंचविशीतल्या पोरांना चालतं. पण आठवडाभर डेडलाइन उरकून, रात्र बसच्या सीटवर अवघडून काढून चाळिशीतल्या माणसाने आठशे मीटर चढायचं, आणि रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरने संध्याकाळी परत आणायचं, हे मला धोक्याचं वाटतं. शनिवारी दुपारी निघा, बारीत किंवा भंडारदऱ्याला मुक्काम करा, रविवारी उजाडताना चढा. माणशी सात-आठशे रुपये जास्त जातील, जाऊ द्या.

आयोजक घेणार असाल तर राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली त्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, प्रथमोपचार शिकलेला माणूस सोबत येणार आहे का, एका लीडरमागे किती माणसं, हे विचारा. स्वतः नेणार असाल तरी बारीतला स्थानिक वाटाड्या घ्याच. जेवणही गावातच सांगून ठेवा. उतरल्यावर चुलीवरची भाकरी आणि पिठलं तयार असतं, आणि पैसे गावात राहतात.

आठ आठवड्यांची तयारी

तळमजल्यापासून सुरू करू. एक मजला तीन मीटरचा धरला तर कळसूबाई म्हणजे अडीचशेहून जास्त मजले. हे गणित लिफ्टशेजारी चिकटवा.

पहिले दोन आठवडे फक्त ऑफिसचा जिना. लिफ्ट बंद. सोबत रोज अर्धा तास भरभर चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पर्वती. १०३ पायऱ्या, त्या चढून-उतरून एक फेरी, अशा तीन फेऱ्यांपासून सहापर्यंत न्या. सकाळी सहाला गेलात तर तिथले सत्तरीचे आजोबा तुम्हाला मागे टाकून जातील. मनाला लावून घेऊ नका. ज्यांना पर्वती लांब पडते त्यांनी वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर टेकडी, जे घराजवळ असेल ते.

मध्येच दिवाळी येते. चार दिवस जातात, ते धरूनच आखा.

पाचव्या आठवड्यापासून दर रविवारी सिंहगड, आतकरवाडीच्या पायवाटेने. गाडीने वर जाऊन भजी खाणं यात मोजलं जात नाही. ही साधारण सहाशे मीटरची चढाई आहे, म्हणजे तुमच्या परीक्षेचा मोठा भाग. पीएमपीची ५० नंबरची बस पायथ्याला जाते. पहिल्या वेळी दोन तास लागले तरी हरकत नाही. सातव्या आठवड्यापर्यंत पाठीवर चार-पाच किलोची सॅक घेऊन दीड तासात, वाटेत फार वेळा न बसता पोचता यायला हवं. जो पोचतो तो कळसूबाईला त्रासत नाही. ज्याला दोन प्रयत्नांनंतरही जमत नाही त्याच्याशी खासगीत, नीट बोला. त्याला पायथ्याचं काम द्या: निधीचा हिशोब, फोटो, जेवणाची व्यवस्था, बसजवळ थांबून खालच्या-वरच्यांचा संपर्क. निधी जमवायला शिखर लागत नाही हे वर सांगितलंच.

उतरण्याची तयारी कुणीच करत नाही. दम चढताना लागतो, पण दुखापती उतरताना होतात: मांड्या थरथरायला लागतात, पाय घसाऱ्यावर सटकतो, घोटा मुरगळतो. म्हणून सिंहगडावरून गाडीने किंवा जीपने खाली येऊ नका, त्याच वाटेने उतरा. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, पूर्ण तळवा टेकवून. गुडघे कुरकुरत असतील तर दोन वॉकिंग पोल घ्या, एक बांबूची काठीही चालते. मांड्या दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतात, म्हणून सोमवारी सकाळी नऊची मीटिंग ठेवू नका.

शेवटचा आठवडा हलका. शेवटच्या गुरुवारी जिममध्ये जाऊन पराक्रम करणारा रविवारी लंगडतो.

पाय आणि पाठ

बूट ही एकच गोष्ट आहे जिथे काटकसर करू नका, उधळपट्टीही नको. सह्याद्रीत पिढ्यानपिढ्या अॅक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर लोक फिरले आहेत; डिकॅथलॉनचे सुरुवातीचे बूटही पुरेसे. तळवा खोल खाचांचा हवा. दुकानात संध्याकाळी जा, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला घालणार तेच मोजे घाला. बूट बांधून उतारावर उभं राहा. बोटं पुढे टेकली तर अर्धा नंबर मोठा घ्या, नाहीतर उतरताना अंगठ्याचं नख काळं होईल आणि दोन महिन्यांनी गळून पडेल. नखं ट्रेकच्या दोन-तीन दिवस आधी कापा. आदल्या रात्री नको, कोपरे टोचतात. नवे बूट किमान दोन सिंहगड झालेले असावेत. टाच लाल व्हायला लागली की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

सुती मोजे आणि जीन्स घरी ठेवा, ओले झाले की दोन्ही वाळत नाहीत. बाकी सॅकमध्ये: तीन लिटर पाणी, ओआरएसच्या दोन पुड्या (एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात दाट करून नाही), टोपी, पहाटेसाठी स्वेटर किंवा विंडचीटर, टॉर्च, शिट्टी, रोजची औषधं, आणि खाणं. खाण्याला शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गूळपोळी, संत्री. गूळपोळीला तोड नाही: टिकते, चुरत नाही, आणि थकल्यावर घशाखाली उतरते. संत्र्याची सालं परत आणायची. 'कुजतात की' असं म्हणणाऱ्याला त्याच्याच पिशवीत भरायला लावा.

शौचालयाचा विषय कुणी काढत नाही आणि मग बायका आदल्या संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर येते, गोळे येतात. तेव्हा संयोजकांनीच आधी सांगावं: मुक्कामाच्या जागी सोय कशी आहे, चढायला लागण्याआधी थांबा किती वेळाचा, वाटेत गरज पडली तर दोघी-दोघींनी कुठे थांबायचं. टिश्यू, सॅनिटायझर, वर्तमानपत्राचे तुकडे आणि एक जाड काळी पिशवी प्रत्येकीकडे हवी. वापरलेली पॅड डोंगरावर टाकायची नाहीत, पिशवीतून खाली आणायची.

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडून वर्षानुवर्षं व्यायाम न केलेल्यांनी तयारी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. प्रत्येकाकडून एक कागद भरून घ्या: रक्तगट, आजार, औषधं, अॅलर्जी, घरचा फोन. त्याची एक प्रत लीडरकडे, एक पायथ्याच्या माणसाकडे. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये साहसी उपक्रम वगळलेले आहेत का हे एचआरकडून लेखी घ्या. वगळलेले असतील तर त्या दोन दिवसांचा वेगळा विमा काढा.

प्रत्यक्ष दिवस

सहाला चालायला सुरुवात. पुढे एक, मागे एक. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही, मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. मागचा माणूस गटातला सगळ्यात तगडा आणि सगळ्यात शांत असावा; 'चला चला' म्हणणारा नको. पुढच्याने वेग सर्वांत हळू चालणाऱ्यानुसार ठेवायचा. ऑफिसात कोण कुणाचा मॅनेजर आहे याला डोंगरावर अर्थ नाही, तिथे लीडर म्हणेल ते. हे व्हीपी साहेबांना आदल्या दिवशी गोड शब्दांत सांगून ठेवा, आणि ते त्यांच्याच तोंडून सगळ्यांना सांगायला लावलंत तर उत्तम.

प्रत्येक थांब्यावर डोकी मोजा. शिड्यांवर एका वेळी मोजकीच माणसं, तोंड शिडीकडे, दोन्ही हात मोकळे, मोबाइल खिशात. उतरतानाही तोंड शिडीकडेच. ज्याला उंचीची भीती वाटते त्याच्या वर एक आणि खाली एक माणूस ठेवा आणि त्याला फक्त पुढच्या पायरीकडे बघायला सांगा. खालून व्हिडिओ काढू नका.

साडेअकरा ही परतायची वेळ. कोण कुठे पोचलंय ते न बघता साडेअकराला वळायचं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उतरायला नेहमी वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

परफ्यूम, डिओ, सिगारेट, स्पीकर हे चारही खालीच ठेवा. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात; उग्र वास, धूर आणि गोंगाट यांनी माशा उठतात आणि एकदा उठल्या की पळायला जागा नसते. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, हेही लक्षात असू द्या. पायात गोळा आला तर माणसाला बसवा, पाय सरळ करून चवडा त्याच्याच दिशेने हळूहळू ओढा, मीठ-साखरेचं पाणी द्या, दहा मिनिटं थांबा. घोटा मुरगळला तर बूट काढू नका, सूज येऊन तो परत चढणार नाही. वरूनच क्रेप बँडेज बांधा आणि आधार देऊन उतरवा. छातीत दुखणं, हाताला कळ, घाम फुटून अस्वस्थ वाटणं याला अॅसिडिटी म्हणू नका. जागीच बसवा, एक पाऊलही चालवू नका, १०८ ला फोन लावा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर आदल्या दिवशी सगळ्यांच्या फोनमध्ये साठवलेला हवा. फोन रेंज असेल तिथूनच लागतो, म्हणून चढताना रेंज कुठे येते-जाते हे मागचा माणूस टिपून ठेवतो.

शिखरावर संस्थेच्या नावाचा कापडी फलक धरून फोटो काढा. दगडावर काही लिहू नका, फलक तिथे बांधून येऊ नका. देवीला नारळ वाहायचा असेल तर करवंटी खाली आणा.

परत आल्यावर

सोमवारी लंगडत का होईना, देणगीदारांना फोटो आणि दोन ओळी पाठवा. दोन आठवड्यांनी क्यूआर बंद करा आणि संस्थेकडून 'कळसूबाई' शेऱ्याखाली एकूण किती जमा झाले याचं पत्र घ्या. तो एकच आकडा सगळ्यांना कळवा, नावांची यादी नाही. पावत्या कुणाला आल्या नाहीत ते विचारा. साधारण तिथेच शून्य आणि ओ भेटतात. ट्रेकच्या खर्चातून माणशी शंभर-दीडशे उरले असतील तर ते ज्याचे त्याला परत करा, आणि ज्याला द्यायचे असतील त्याने ते संस्थेला द्यावेत, त्याची वेगळी पावती घेऊन.

आणि काम पूर्ण झालं की, म्हणजे गरम पाणी खरंच सुरू झालं की, एक फोटो देणगीदारांना पुन्हा पाठवा. मार्च-एप्रिल उजाडेल. तोवर ऑफिसातले निम्मे हे विसरलेले असतात, म्हणून आत्ताच कुणाच्या तरी कॅलेंडरवर तारीख टाकून ठेवा.